मांजरपाटावरची सावली

पहिल्या वाचनाला वाचायला काहीच नव्हतं.

आमच्या कॉलेजच्या नाट्यमंडळात पहिलं वाचन हा मोठा दिवस असतो. सगळे गोल करून बसतात, लेखक संहिता उघडतो, आणि आपल्या वाट्याला काय येणार याचा अंदाज घेत प्रत्येक जण कान देऊन ऐकतो. जुलै 2022 मधल्या त्या संध्याकाळी बावीस मुलंमुली वर्गात जमली. मी दिवे बंद केले आणि भिंतीवर एक जर्मन मूकपट लावला. फ्रीडरिश विल्हेल्म मुर्नाऊ यांचा 'नोस्फेरातू', रक्त पिणाऱ्या पिशाचाची गोष्ट. त्याला त्या वर्षी शंभर वर्षं झाली होती. मी शेवटच्या वर्षाला होते, आणि लॉकडाऊनची दोन वर्षं घरात बसून मी या एकाच गोष्टीचा विचार केला होता. हे रंगमंचावर आणायचं.

मुलं हसली. हटर नावाचा नायक आनंदाने नाचतबागडत बायकोसाठी फुलं तोडून आणतो, तिथे हसली. काउंट ऑरलॉक, म्हणजे ते पिशाच, स्वतःची शवपेटी काखेत घेऊन भर उजेडात रस्त्याने चालत जातो, तिथे तर कोणीतरी टाळी मागितली. मी मागे उभी होते आणि माझ्या पोटात गोळा आला होता. रागाने नाही. मला जे दिसत होतं ते यांना दिसत नव्हतं, आणि ते दाखवायचं कसं हे मला ठाऊक नव्हतं.

त्या रात्री घरी येऊन मी वाचत बसले. चूक मुलांची नव्हती, मी लावलेल्या प्रतीची होती. त्या काळी रात्रीच्या अंधारात चित्रीकरण करता येईल एवढी संवेदनशील फिल्मच नव्हती. म्हणून रात्रीचे प्रसंग दिवसा चित्रित करायचे आणि नंतर फिल्मचा तेवढा तुकडा निळ्या रंगात बुडवायचा. निळं म्हणजे रात्र, पिवळं म्हणजे दिव्याचा उजेड, गुलाबी म्हणजे पहाट. ही भाषा त्या प्रेक्षकांना येत होती. पुढे नकला काढताना रंग गेले, नुसतं काळं-पांढरं उरलं, आणि ऑरलॉक भर दुपारी फिरायला लागला. दुसरी गोष्ट वेगाची. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर सेकंदाला साधारण 18 ते 20 चौकटी घेतलेल्या असायच्या. त्या 24 च्या वेगाने दाखवल्या की माणसं लुटुलुटु धावतात. आणि मूकपट कधी मुका दाखवलाच जात नव्हता. बर्लिनमध्ये 4 मार्च 1922 ला पहिला खेळ झाला तेव्हा हान्स एर्डमान यांनी खास लिहिलेलं संगीत वाद्यवृंदाने वाजवलं होतं. आपल्याकडेही पडद्याशेजारी पेटी-तबला घेऊन वादक बसायचे. मी लावलेल्या प्रतीवर कोणीतरी कुठलंही ऑर्गनचं संगीत चिकटवलेलं होतं.

पुढच्या शनिवारी मी जीर्णोद्धार केलेली, रंग परत दिलेली, योग्य वेगाची 94 मिनिटांची आवृत्ती मिळवली. खिडक्यांना काळे कागद लावले, आणि कोणालाही काही न सांगता ती सुरू केली. या वेळी हसू आलं ते सुरुवातीला, थोडंसं. जहाज बंदराला लागतं, उंदरांबरोबर प्लेग गावात उतरतो, एक माणूस घरोघरी जाऊन दारांवर खडूने फुल्या मारतो. त्या प्रसंगात वर्ग इतका शांत झाला की प्रोजेक्टरच्या पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. मागून एक मुलगी हळूच म्हणाली, "आमच्या गल्लीला पत्रे ठोकले होते."

तेव्हा मला कळलं की नाटक होणार.

आमचं कॉलेज पुण्यातलं. इथे नाटक करणाऱ्या मुलांच्या हाताला दोन वळणं असतात. पुरुषोत्तम करंडकाची एकांकिका शब्दावर आणि अभिनयावर उभी राहते. फिरोदिया करंडकात नाटकाच्या धाग्यात गाणं, वाद्य, चित्र, नृत्य, शिल्प असं सगळं ओवावं लागतं. आमच्यातले बरेच जण दोन्हीकडे घासून निघालेले होते. आमचा प्रयोग मात्र स्पर्धेसाठी नव्हता, कॉलेजच्या वार्षिक नाट्यमहोत्सवातला होता. त्यामुळे वेळेचं आणि नियमांचं बंधन नव्हतं, पण मुलांच्या अंगातली सवय होतीच. शब्द हवेत, आणि जमतील तेवढ्या कला हव्यात.

हक्कांचं आधी पाहून घेतलं. या चित्रपटाचा जन्मच हक्कांच्या भांडणातला आहे. निर्मात्यांनी ब्रॅम स्टोकर यांची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी परवानगी न घेता वापरली. ड्रॅक्युलाचा ऑरलॉक केला, लंडनचं विस्बोर्ग हे काल्पनिक जर्मन गाव केलं. स्टोकर यांच्या पत्नी फ्लॉरेन्स कोर्टात गेल्या आणि 1925 साली सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. प्राना-फिल्म ही कंपनी तोवर दिवाळखोरीत गेलेली होती. काही प्रती जर्मनीबाहेर पोचल्या होत्या, म्हणून आज तो आपल्याला दिसतो. आता मूळ चित्रपट सर्वांसाठी खुला आहे, पण जीर्णोद्धार केलेल्या आवृत्तीचे आणि नव्याने बसवलेल्या संगीताचे हक्क वेगळे असू शकतात. म्हणून आम्ही ठरवलं की चित्रपटाची एकही चौकट पडद्यावर वापरायची नाही. जे दिसेल ते आम्ही केलेलं असेल. हा निर्णय कागदावरच्या कारणासाठी घेतला होता, पण नाटक त्यानेच वाचलं. पडद्यावर चित्रपटातला ऑरलॉक, खरा माक्स श्रेक, उभा असता तर आमच्या मुलाकडे कोणी पाहिलं नसतं.

एक मोह मात्र मला बरेच दिवस सुटला नाही. 'ड्रॅक्युला' लंडनमध्ये प्रसिद्ध झाली मे 1897 मध्ये. त्याच उन्हाळ्यात पुण्यात प्लेग होता, सोल्जर घरात शिरून झडत्या घेत होते, आणि 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. दोन तारखांमध्ये महिनाही नाही. मला वाटलं, विस्बोर्ग कशाला, पुणंच करू. बुधवार पेठेतला वाडा, दारावर फुली, चौकात सावली. लेखक मित्राने दहा पानं लिहूनही आणली.

आम्ही ती तीन दिवस करून पाहिली आणि सोडून दिली. कारण सोपं होतं. 1897 च्या पुण्यात माणसं खरोखर मेली होती, खरोखर घराबाहेर काढली गेली होती, आणि त्याचे जबाबदार कोण यावर खरा राग होता. तिथे एक रक्तपिपासू काउंट आणून उभा केला की तो सगळा राग फुकट जातो. दोष भुतावर जातो आणि माणसं सुटतात. शिवाय आमच्यातला प्रत्येक जण चापेकर व्हायला बघायला लागला. नाटक दुसरंच होत होतं. मग विस्बोर्ग विस्बोर्गच ठेवलं, साल 1838 च ठेवलं, नावंही तीच ठेवली, हटर, त्याची बायको एलेन, ऑरलॉक, आणि हटरचा वेडा होणारा मालक नॉक. पुणं यायचं असेल तर आपलं आपण येईल, असं मी तेव्हा म्हटलं होतं. ते कसं येणार आहे हे माहीत नव्हतं.

आता शब्दांचं. लेखक मित्राने विस्बोर्गची संहिता पुन्हा लिहिली, चौदा पानांची. चांगली लिहिली होती, हे मला आजही म्हणायचं आहे. पण पहिल्या उभ्या तालमीत ऑरलॉक बोलला आणि संपला. तो दारात उभा होता तोवर सगळे श्वास रोखून होते. त्याने तोंड उघडलं आणि तो आमच्या वर्गातला, चांगल्या आवाजाचा, वाक्याच्या शेवटी सूर खाली आणणारा मुलगा झाला. मी त्याचे संवाद काढले. मग हटरचे तोकडे वाटायला लागले, कारण तो भिंतीशी बोलत होता. ते काढले. महिनाभर मी फक्त काढत होते. ऑगस्टच्या शेवटी एलेन करणारी मुलगी माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "ताई, मला एक वाक्य दे. एकच. शेवटी ती जीव देते, ती काहीतरी म्हणेलच ना?"

मी तिला म्हटलं, तू लिही. तिने लिहिलं. आम्ही ते वाक्य चार तालमींत चार जागी ठेवून पाहिलं. पाचव्या तालमीत ती खिडकीपाशी उभी राहिली, वाक्याची जागा आली आणि ती बोलली नाही. हात वर गेला, खिडकीच्या कडीपर्यंत पोचला, थांबला. किती वेळ थांबला ते मी मोजलं नाही. मग तिने कडी काढली. तालीम संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "वाक्य आत राहू दे." लेखक मित्राला मी या सगळ्यात दुखावलं. त्याची चौदा पानं गेली होती. पण तोच पुढे आमचा बखरकार झाला.

कारण चित्रपटाची सुरुवातच बखरीने होते. विस्बोर्ग गावातल्या मोठ्या मरणाची कोणीतरी लिहून ठेवलेली हकिगत. दृश्यांच्या मधल्या मजकुराच्या पाट्या, पत्रं, जहाजाची रोजनिशी, पिशाचांवरचं जुनं पुस्तक, सगळं हाताने लिहिलेलं दिसतं. आम्ही पाट्या छापायच्या नाहीत असं ठरवलं. कॉलेजच्या भांडारात एक जुना ओएचपी, म्हणजे काचेवर ठेवलेलं पडद्यावर मोठं करून दाखवणारा ओव्हरहेड प्रोजेक्टर, पडून होता, वर काच आणि मान काढलेला आरसा असलेला. तो रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यात, प्रेक्षकांना दिसेल असा ठेवला. लेखक मित्र त्यामागे प्रेक्षकांकडे तोंड करून बसायचा आणि बोरूने लिहायचा. त्याच्या पाठीमागच्या पडद्यावर अक्षर प्रचंड मोठं होऊन उमटायचं. प्लास्टिकवर शाई थेंबाथेंबाने गोळा होत होती, म्हणून बटर पेपर घेतला. उजेड जरा मंद झाला, पण शाई कागदात किंचित पसरायची आणि प्रत्येक अक्षराला बारीक केस फुटायचे. प्रेक्षक वाक्य वाचत नव्हते, ते लिहिलं जाताना बघत होते. 'जहाज आले. आत कोणी' एवढं लिहून तो बोरू दौतीत बुडवायचा. तेवढ्या दोन सेकंदांत सगळं प्रेक्षागृह त्याच्या हाताकडे बघत असायचं. 'नव्हते.' चौदा पानांतून एकोणीस ओळी उरल्या होत्या, आणि त्या एकोणीस त्याच्या होत्या.

पडदा मांजरपाटाचा. अठरा फूट रुंद, बारा फूट उंच, तीन पन्हे जोडून शिवलेला. आधी पांढरं पॉलिएस्टर आणलं होतं, पण त्यातून मागचा दिवा ठिपक्यासारखा आरपार दिसत होता. मांजरपाट उजेड पिऊन घेतो, पसरवतो. धुतला नाही, कारण कोऱ्या कापडाची खळ गेली की तो लोंबतो. शिवण मात्र आम्ही चुकवली. मधली जोडणी थोडी ओढली गेली होती आणि सावली त्या ओळीवरून गेली की मोडायची. पुढे जिन्याचा प्रसंग त्या मोडीवरच बसवला. सावली तिथे मोडते ती पायरी.

सावलीने आमचे सगळ्यात जास्त दिवस घेतले. ऑरलॉक जिना चढतो ती सावली बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेली असते, चित्रपट न पाहताही. आम्हाला वाटलं, मागे एलईडीचा फ्लड लावला की झालं. पडद्यावर मऊ, करडा, कडा नसलेला ढग आला. भौतिकशास्त्राच्या मुलाने समजावलं की दिवा जितका मोठा तितकी सावलीची कड पसरट. कड धारदार हवी तर उजेड एका बिंदूतून यायला हवा. मग एका गॅरेजमधून चारचाकीच्या हेडलाइटचा हॅलोजन बल्ब आणला. त्याची तार जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची. काच नाही, परावर्तक नाही, नुसता बल्ब, बारा व्होल्टच्या बॅटरीवर. तो इतका तापायचा की पुठ्ठ्याचं आवरण पहिल्याच दिवशी काळं पडलं. मग तुपाचा डबा कापून पत्र्याचं केलं, आणि त्या कोपऱ्यात वाळूची बादली घेऊन एक जण कायम बसवला.

बाकीचं गणित अंतराचं. बल्बपासून पडदा बारा फुटांवर. नट बल्बपासून दोन फुटांवर आला की सावली सहापट. सात इंचांचा पंजा साडेतीन फूट. तो एक पाऊल पडद्याकडे सरकला की सावली निम्म्याहून थोडी मोठी उरते. म्हणजे माणूस पुढे येतो तेव्हा सावली लहान होते, मागे जातो तेव्हा वाढते. ऑरलॉक करणाऱ्या मुलाला हे अंगात भिनवायला महिना लागला. त्याला भयानक व्हायचं असेल तर प्रेक्षकांपासून दूर जायचं होतं. शिवाय सावलीला चेहरा नसतो. समोरून उभा राहिला तर तो नुसता खांब. सगळं एका बाजूने, कडेने करायचं. डोळे, ओठ, भुवया, ज्यावर त्याने तीन वर्षं बक्षिसं मिळवली होती, ते सगळं निरुपयोगी. त्याने बोटांना बांबूच्या कामट्या बांधल्या आणि रोज संध्याकाळी तासभर फक्त मनगट फिरवण्याचा सराव केला.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं कुडाळजवळ पिंगुळीला गेलो. ठाकर समाजातले कलावंत तिथे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची चित्रकथी करतात, कळसूत्री बाहुल्या नाचवतात, चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ करतात. आम्ही शिकायला म्हणून गेलो नव्हतो, बघायला गेलो होतो. बाहुली पडद्याला टेकवलेली असते तेव्हा तिचं प्रत्येक भोक, प्रत्येक नक्षी स्वच्छ दिसते. खेळवणाऱ्याने ती पडद्यापासून इंचभर उचलली की ती थरथरते, पुसट होते, जणू तिचं जाणं सुरू झालं. आमचा ऑरलॉक तिथे जमिनीवर बसून ते बघत होता आणि परतीच्या एसटीत पणदूरपर्यंत एक शब्द बोलला नाही. मग म्हणाला, "मी सारखा सावली दाखवतोय. ती यायला पाहिजे आणि जायला पाहिजे." त्यानंतर त्याने जिना चढणं निम्म्या वेगाने केलं.

इतर माध्यमांचं थोडक्यात. जहाज ओएचपीवर केलं. काचेच्या ताटलीत पाणी, त्यावर काळ्या कागदाचं शिडाचं जहाज, ताटलीला बोटाने हलका धक्का. सगळा पडदा समुद्र होतो. नॉकच्या वेडाच्या प्रसंगात मोबाइलचा कॅमेरा वाय-फायवरून प्रोजेक्टरला जोडला होता, आणि चित्र जवळजवळ अर्धा सेकंद उशिरा यायचं. आधी आम्ही ते सुधारायला बघत होतो. मग नॉक करणाऱ्या मुलीने मान वळवली आणि पडद्यावरचा तिचा प्रचंड चेहरा तिच्यानंतर वळला. ते तसंच ठेवलं. दिव्यांपुढची रंगीत जिलेटिनं आम्ही मूकपटाच्या जुन्या भाषेतच वापरली. निळी, पिवळसर आणि गुलाबी. चौथा रंग नाही.

प्रोजेक्टरबद्दल एक गोष्ट सांगते, कारण ती आम्हाला कोणी सांगितली नव्हती. प्रोजेक्टरचा काळा रंग काळा नसतो. काहीही दाखवत नसतानाही तो पडद्यावर करड्या उजेडाचा चौकोन टाकत राहतो, आणि अंधाराच्या नाटकात तो चौकोन सगळं मारतो. आम्हाला हे रंगीत तालमीत कळलं, प्रयोगाला दोन दिवस असताना. बंद-चालू करावं तर दिवा पुन्हा पेटायला मिनिट जातं. शेवटी हार्डबोर्डची झडप केली, भिंगासमोर टांगली, दोरी विंगेत नेली. पहिल्या वर्षाची एक मुलगी पूर्ण प्रयोगभर ती दोरी धरून उभी होती. एकूण तेवीस वेळा उघड-बंद. तिचं नाव माहितीपत्रकात दिग्दर्शकाच्या शेजारी छापावं असं मला वाटलं होतं आणि मी तसंच छापलं.

शेवटच्या प्रसंगात सावलीचा हात एलेनच्या छातीवर येतो आणि मूठ आवळते. पडद्यामागचा उजेड तिच्या अंगावर सावली टाकू शकत नाही, तो समोरूनच यायला हवा. म्हणून दुसरा बल्ब रंगमंचाच्या पुढच्या कडेला, खालच्या बाजूला ठेवला आणि आमचा ऑरलॉक पहिल्या रांगेच्या पायाशी जमिनीवर आडवा पडून हात वर करायचा. पहिल्या रांगेला तो सरळ दिसत होता. मी घाबरले होते. पण प्रेक्षक त्याच्याकडे बघून मग तिच्या पांढऱ्या झग्यावरच्या सावलीकडे बघायचे आणि पुन्हा त्याच्याकडे बघत नसत. हात कुठून येतो हे माहीत असूनही.

आणि आवाज. हे मला सगळ्यात उशिरा कळलं. चित्रपटात माणसं चालतात तेव्हा पाय वाजत नाहीत. रंगमंचावर वाजतात. फळ्या करकरतात, कापड सळसळतं, नट धापा टाकतो. शब्द काढून टाकल्यावर हे सगळं एकदम मोठं झालं. सुरुवातीला आम्ही ते पार्श्वसंगीताने झाकलं. मग एका तालमीला कीबोर्डवाला आला नाही, आणि ऑरलॉकच्या पावलाखाली फळी वाजली तेव्हा एलेन खरोखर दचकली. त्यानंतर संगीत उतरवत गेलो. शेवटी एक पेटी उरली, आणि तिचाही बराचसा वेळ सूर न दाबता नुसता भाता. माइक जवळ धरला की तो श्वासासारखा ऐकू येतो.

प्लेगचा प्रसंग तेव्हाही रिकामा होता. उंदीर कसे आणायचे? बाहुल्या करून पाहिल्या, त्या खेळणी वाटत होत्या. सावल्या पाहिल्या, गोंडस दिसल्या. डिसेंबरमध्ये एका रात्री मी घरी ताटावर बसून याच विचारात होते, तर आजीने विचारलं, "काय गं, जेवत का न्हाईस?" आजी सातारा जिल्ह्यातली, तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांची. मी म्हटलं, "आजी, नाटकात प्लेग दाखवायचाय आणि जमत नाहीये."

"पलेग?" ती म्हणाली. "माझी आई सांगायची. गाठीचा ताप. माणूस मरायच्या आधी उंदीर पडायचा."

"पडायचा म्हणजे?"

"आढ्यावरनं. रातीचं निजल्यावर. टप्प् करून पडायचा खाली. दिवा लावून बगायचं बी न्हाई कोणी. एक पडला की सकाळी चूल मोडायची आन् समद्यांनी माळावर जायाचं, झोपड्या घालून ऱ्हायचं. उंदीर पडला म्हंजी घर सोडायचं."

दुसऱ्या दिवशी तालमीत आम्ही उंदीर दाखवण्याचा विषय संपवला. ओलं फडकं, त्यात मूठभर वाळू, घट्ट गाठ. रंगमंचावरच्या दिव्यांच्या पाइपाजवळून, शिडीवर चढून, फळीवर टाकायचं. पूर्ण काळोख, भाताही बंद, आणि एक टप्प्. मग पाच सेकंद काहीही नाही. मग दुसरा. मग दारावर खडू ओढल्याचा आवाज. कोरडी वाळू टाकली तर नुसती पिशवी पडल्यासारखी वाटायची. ओलं फडकंच लागायचं. त्याला वजन असतं आणि तो उसळत नाही.

प्रयोग जानेवारीत झाला, लागोपाठ दोन संध्याकाळी. पहिल्या दिवशी उभारणीला चारच तास मिळाले. मांजरपाट ताणताना एका बाजूची शिवण उसवली, ती सेफ्टी पिनांनी धरली. तिसरी घंटा झाली तेव्हा मी शेवटच्या रांगेच्या मागे उभी होते आणि माझे हात बर्फासारखे होते. आजी तिसऱ्या रांगेत, बाबांच्या शेजारी, शाल गुंडाळून बसली होती. तिला मी एवढंच सांगितलं होतं की कोणी बोलणार नाही, कंटाळा आला तर डोळे मिट.

हटरच्या फुलांना थोडं हसू आलं, ते मला हवंच होतं. जिन्यावरची सावली त्या शिवणीवर मोडली तेव्हा कोणीतरी जोरात श्वास घेतला. जहाज आलं. बखरकाराने बोरू बुडवला, 'नव्हते' लिहिलं. झडप पडली. काळोख.

टप्प्.

आणि त्या पाच सेकंदांत, तिसऱ्या रांगेतून, अगदी साध्या आवाजात, घरात कोणाला तरी सांगावं तसं आजी म्हणाली, "उंदीर पडला."

सगळ्या प्रेक्षागृहाने ऐकलं. कोणी हसलं नाही. माझ्या पुढच्या रांगेत बसलेल्या एका पांढऱ्या केसांच्या बाईंनी शेजारच्याचा हात धरला. शिडीवरच्या मुलाने दुसरं फडकं सोडलं, आणि त्या आवाजाला खुर्च्या हलल्या. पंचावन्न मिनिटांच्या नाटकात बोलले गेलेले शब्द तेवढेच.

रात्री सामान आवरताना मुलं माझ्याभोवती जमली. उद्याच्या प्रयोगात ते वाक्य ठेवायचं का? प्रेक्षकांत एकाला बसवून म्हणायला लावायचं का? शिडीवरचा मुलगा म्हणाला, ठेवू या. एलेन म्हणाली, नको. बराच वेळ बोलणं झालं. शेवटी लेखक मित्राने बटर पेपर गुंडाळता गुंडाळता विचारलं, "आजी उद्या येणारेत का?" मी म्हटलं, नाही, तिला दोन दिवस लागोपाठ बसवत नाही.

"मग पाचाचे आठ सेकंद करू," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शिडीवरच्या मुलाने काळोखात आठपर्यंत मोजलं. कोणी काही बोललं नाही.